माळवद

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. मराठवाड्यात तसे छत असलेल्या घरालाही माळवदच म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच (लाकडाच्या बारीक चिपा), त्यावर पाला अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर मोजायचे ते खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेच्या हिशेबाने.

माती कोणतीही चालत नाही. शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून जुने गावठाण किंवा पडकी गढी उकरून पांढरी आणतात. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, ही विभागणी छतापर्यंत पोचली आहे. मृगाआधी माळवदावर चढून उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, मुंग्यांची भोके बुजवायची, नवी माती पसरून धुम्मसाने ठोकायची आणि पाण्याचा उतार पन्हळीकडे आहे ना, ते पाहायचे. एवढे केले तर घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बाहेर 42 अंशांचे ऊन असतानाही आत दुपारची झोप लागते.

खोट या निगेतच होती. गळले की माती टाक, या सवयीने थर दोन-दोन फुटांचा झाला. दोन फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला अंदाजे एक टन. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर नऊ-दहा टन. खालच्या दगडी भिंती रुंद खऱ्या, पण आतला आणि बाहेरचा असे दोन सुटे थर आणि मधे चिखल-खडीची भर. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हे थर फाकले आणि छत झोपलेल्यांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 8 हजार माणसे गेली. जिथे छताचा भार भिंतीवर नसून खांबांच्या सांगाड्यावर होता, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही माळवद उभे राहिले. ही गोष्ट नंतरच्या भीतीत फारशी कोणी लक्षात घेतली नाही. दोष सरसकट दगड-मातीच्या नावावर गेला.

उपाय अवघड नाही. कमी मजबुतीच्या दगडी बांधकामासाठीचे भारतीय मानक 13828 त्याच वर्षीचे आहे. भिंत 45 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. तिच्या आरपार जाणारे सांधेदगड उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत दर 1.2 मीटरला हवेत. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा. जुन्या घरात माती उतरवून थर पातळ करायचा, खांब-तुळयांचे सांधे तिरक्या आधारांनी आवळायचे. भिंत न पाडता ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरले, तरी सांधेदगडाचे काम होते.

भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसली. लोकांनी मागितला तो स्लॅब, आणि ते साहजिकच होते. ज्या गावांत जुनी घरे राहिली तिथे आता समोर स्लॅबची खोली आणि मागे माळवद असे जोडघर दिसते: पाहुणे पुढे, ज्वारीची पोती आणि उन्हाळ्यातली म्हातारी माणसे मागे.