उंदराचं व्हिटॅमिन आणि फवारणीवाल्याचं विष

कपाशी डोक्याइतकी वाढली की फवारणीची नळी वर धरावी लागते आणि उडालेले तुषार धरणाऱ्याच्याच तोंडावर येतात. पाठीवरचा पंप गळका असला तर सदरा भिजतो आणि अंगावरच वाळतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात अशाच फवारणीत शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसेक माणसं दगावली. व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या घेतल्या असत्या तर यातलं काही टळलं असतं का? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशक औषधं (शेतात विषालाही औषधच म्हणतात) दोन बाजूंनी घात करतात. पहिला घात नसांवर. नसांमधला निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन. निरोप पोचवून झाल्यावर ते साफ करणारं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पडतं. मग लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरतं.

दुसरा घात बोभाटा न करता होतो. या विषामुळे यकृतात आणि इतर अवयवांत फ्री रॅडिकल्स, म्हणजे अस्थिर, आक्रमक रेणू वाढतात. ती पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशावर तुटून पडतात. जुन्या डब्यातलं शेंगदाणा तेल खवट होतं ना, साधारण तीच रासायनिक क्रिया जिवंत पेशीत चालते. व्हिटॅमिन ई त्या आवरणातच बसलेलं असतं. ते स्वतःचा एक हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं आणि त्यात स्वतः निकामी होतं. पाण्यात विरघळणारं सी बाहेरून येऊन त्याला पुन्हा कामाला लावतं. जोडी खरंच सुंदर आहे.

उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत ती चाललीही. कीटकनाशकासोबत ही व्हिटॅमिनं दिली तेव्हा यकृताची नासाडी कमी दिसली. पण अशा प्रयोगांत ती बहुधा विषाच्या आधीपासून किंवा बरोबरीनं, तीही मोजूनमापून दिली जातात. शिवाय उंदीर स्वतःच्या यकृतात व्हिटॅमिन सी बनवतो. आपल्याला ते जमत नाही.

खरी परीक्षा पॅराक्वाटची. या तणनाशकाचा सगळा मारा फ्री रॅडिकल्सचा, आणि ते साचतं फुप्फुसात. रुग्णाला सरसकट ऑक्सिजन लावणंही अंगाशी येतं, कारण तो त्या आगीत तेलच ओततो. अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवरणाऱ्या सी-ईसारख्या पदार्थांचा, गुण यायचाच तर इथे यायला हवा होता. डॉक्टरांनी सी, ई सगळं देऊन पाहिलं, पण माणसांत खात्रीचा फायदा सिद्ध झालेला नाही. उतारा आजही नाही.

आवळा, पेरू, मूठभर शेंगदाणे रोज खावेत, पण जेवण म्हणून. बंद पडलेलं कोलिनेस्टरेज त्यांनी सुटत नाही. चक्कर, मळमळ सुरू झाल्यावर बांधावर बसून लिंबू सरबत पिण्यात जातो तो वेळ महागाचा असतो. त्या वेळी भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि बाटलीचं लेबल घेऊन दवाखाना गाठायचा. लेबल अशासाठी, की ऑर्गनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन लागतं, पॅराक्वाटवर त्याचा उपयोग नाही. अ‍ॅट्रोपिन एकदा टोचून भागत नाही. छातीतली घरघर थांबेपर्यंत डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ऐकतात आणि पुन्हा देतात.