नगरमुद्रा (खानदेश)

नगरपालिका किंवा महानगरपालिका आपले दाखले, करारपत्रे, पावत्या व इमारती यांवर स्वतःची ओळख म्हणून जे चिन्ह वापरते, त्यास नगरमुद्रा म्हणतात. व्यवहारात शिक्का, मोहोर व बोधचिन्ह हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी येतात. मोहोर हे दस्तऐवजास कायदेशीर बळ देणारे साधन आहे, तर बोधचिन्ह ही त्या संस्थेची दर्शनी खूण आहे. प्रस्तुत नोंदीत दोहोंचा एकत्र विचार केला आहे, कारण खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, मोहोरेतूनच बोधचिन्ह वाढले असे मानण्यास जागा आहे.

नगरमुद्रेच्या उगमाविषयी दोन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार तिची परंपरा प्राचीन राजमुद्रा व निगममुद्रा (व्यापारी-कारागिरांच्या संस्थांच्या मुद्रा) यांच्यापर्यंत मागे नेता येते. बिहारमधील बसाढ (प्राचीन वैशाली) येथे १९०३-०४ च्या उत्खननात ‘श्रेष्ठि-सार्थवाह-कुलिक-निगम’ असा लेख असलेली गुप्तकालीन मातीची मुद्रांकने मोठ्या संख्येने मिळाली. नगरातील व्यापारी व कारागीर यांच्या सामूहिक संस्थेची स्वतंत्र मुद्रा होती, याचा हा सबळ पुरावा होय. खानदेशाच्या शेजारी नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखात दानाची नोंद निगमसभेत झाल्याचा उल्लेख आहे. मात्र तो नोंदीचा पुरावा आहे, मुद्रेचा नव्हे, हा फरक पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. खुद्द खानदेशात सापडलेली साधने बहुतांशी राजदानांची आहेत. साक्री तालुक्यातील कासारे येथील सेंद्रक घराण्यातील अल्लशक्तीचा ताम्रपट कलचुरी संवत् ४०४ चा असून, या संवताचा आरंभ इ. स. २४८ की २४९ मध्ये धरावा यावर त्याचे वर्ष अवलंबून राहते; सामान्यतः तो इ. स. ६५३ च्या सुमाराचा मानतात. चाळीसगावजवळच्या मुंदखेडे येथील जयशक्तीचा ताम्रपट शक ६०२ (इ. स. ६८०) चा, तर धुळे येथे मिळालेला राष्ट्रकूट कर्कराजाचा ताम्रपट शक ७०१ (इ. स. ७७९) चा आहे. ताम्रपटाचे पत्रे कडीत ओवून तिच्या सांध्यावर राजाची मुद्रा बसविण्याची पद्धत या काळी रूढ होती, व राष्ट्रकूट मुद्रांवर बहुधा गरुड आढळतो. तथापि ही वंशाची चिन्हे आहेत, गावाची नव्हेत; राजवंश बदलला की मुद्राही बदलत असे.

खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या काळात राजचिन्हांचे स्वरूप पालटले. फिरिश्ता या फार्सी इतिहासकाराच्या आधारे असे सांगितले जाते की, या घराण्यास गुजरातच्या सुलतानाकडून खान हा किताब, श्वेतछत्र व तांबडा तंबू मिळाला. ही चिन्हे प्रत्यक्ष मिरवण्याची होती, कागदावर उमटवण्याची नव्हती; कागदावर अक्षरांची मोहोर चाले. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतल्यावर हा प्रदेश मोगल सुभा झाला, आणि सुभ्याच्या कारभारात अधिकाऱ्याची नाममुद्रा हीच प्रमाण राहिली.

देशी परंपरेचा शोध घ्यायचाच, तर तो राजमुद्रांपेक्षा वतनदारांच्या निशाण्यांत घेणे अधिक सयुक्तिक ठरेल. मराठी अमलातील महजरांवर (गावसभेच्या निर्णयाच्या कागदांवर) व निवाडापत्रांवर गावचा प्रत्येक वतनदार आपल्या नावापुढे आपल्या धंद्याची खूण काढवीत असे. पाटलाची निशाणी नांगर, पेठेतील शेटे-महाजनांची तागडी, न्हाव्याचा आरसा, अशा या खुणा ठरलेल्या होत्या. लिहिता न येणाऱ्याची सही एवढ्यापुरतेच त्यांचे महत्त्व मानणे हे अपुरे आहे, कारण पाटील साक्षर असला तरी नांगर काढला जाई. एकाच कागदावर नांगर, तागडी व आरसा शेजारी शेजारी उमटले की तो कागद सबंध गोताचा, म्हणजे गावच्या वतनदारांच्या सभेचा, होई, आणि एखादी निशाणी नसल्यास त्या निवाड्यास पुढे हरकत घेता येई. आजच्या बोधचिन्हांत नांगर, दातेरी चाक किंवा कणसे एका वर्तुळात मांडण्याची जी रीत दिसते, तिचे याच्याशी असलेले साम्य लक्षणीय आहे. थेट परंपरा मात्र सिद्ध करता येत नाही.

दुसरे मत, जे कायद्याच्या अभ्यासकांना अधिक ग्राह्य वाटते, असे की नगरमुद्रा ही इंग्रजी निगम-कल्पनेची, म्हणजे कायद्याने स्वतंत्र व्यक्ती मानलेल्या संस्थेच्या कल्पनेची, देणगी आहे. मंदसोरच्या तहाने (१८१८) होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे आला. शिंद्यांकडील यावल, चोपडा, पाचोरा हे भाग १८४० च्या दशकात जोडले गेले. त्यामुळे कोल्हापूर किंवा बडोदे येथे संस्थानाच्या राजचिन्हाची जी छाया नागरी संस्थांवर पडली, तशी खानदेशात पडली नाही. सातपुड्यातील काठीसारख्या लहान मेवासी (भिल्ल नायकांच्या) जहागिऱ्या एवढाच काय तो अपवाद, आणि त्यांच्या हद्दीत शहरे नव्हती. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये रहिवाशांच्या संमतीने नगरपालिका स्थापता येत असे. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची व जळगावची १८६४ ची मानली जाते. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात नगरपालिका ही अखंड परंपरा व सामाईक मोहोर असलेली निगमित संस्था म्हटली आहे, आणि महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमातही हीच कल्पना कायम आहे. सभासद बदलले तरी मोहोर तीच राहते, हे तिचे राजमुद्रेहून वेगळेपण होय.

ढाल, शिरोभूषण, दोन बाजूंचे आधारप्राणी व बोधवाक्य अशी युरोपीय पद्धतीची कुलचिन्हे मोठ्या शहरांपुरतीच राहिली. कलकत्त्यास असे चिन्ह १८९६ मध्ये मिळाले व त्यात आधारप्राणी म्हणून क्षत्रबलाक (करकोच्याच्या जातीचे मोठे) पक्षी होते. मुंबई महानगरपालिकेचे बोधवाक्य ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे आहे. जिल्ह्यातील नगरपालिकांना अशा प्रदानाची गरज नव्हती. कायद्यापुरती मोहोर पुरे होती. म्हणून ढालीऐवजी वर्तुळ, कडेने संस्थेचे नाव व खाली स्थापनावर्ष ही सुटसुटीत घडण सर्वत्र रुळली.

स्वातंत्र्योत्तर काळात बोधवाक्यांवर शिवमुद्रेचा ठसा स्पष्ट दिसतो. ‘प्रतिपच्चन्द्रलेखेव’ या आरंभाची ती संस्कृत रचना राज्याच्या मुद्रेत ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते’ अशा रूपाने आली. राष्ट्रचिन्ह व छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव अथवा चित्र यांचा व्यापारी किंवा अनुचित वापर १९५० च्या कायद्याने प्रतिबंधित आहे. राष्ट्रचिन्हाबाबत २००५ चा स्वतंत्र कायदाही आहे. त्यामुळे राष्ट्रचिन्हातील सिंहशीर्ष हे नगरपालिकेने आपले चिन्ह म्हणून घेण्याजोगे नाही.

स्थापनावर्ष कोरताना सावधगिरी इष्ट असते. अधिसूचनेचे वर्ष, पहिल्या सभेचे वर्ष व १८७३ च्या नगरपालिका कायद्यानुसार झालेल्या फेररचनेचे वर्ष ही नेहमी एक नसतात. त्यांपैकी अधिसूचनेचे वर्ष धरणे बरे. धुळे व जळगाव येथे २००३ मध्ये महानगरपालिका झाल्यावर हा प्रश्न नव्याने उभा राहतो. महानगरपालिका ही नगरपालिकेच्या मालमत्तेची व दायित्वांची उत्तराधिकारी असली, तरी कायद्याने ती नवी निगमित संस्था आहे. म्हणून तिच्या मोहोरेवर २००३ व दर्शनी चिन्हात जुने वर्ष असे दोन्ही समर्थनीय ठरते, आणि जुन्या मोहोरेचे दस्तऐवज त्यामुळे बाधित होत नाहीत.