हमिंगबर्ड फीडर आणि वसंतातील स्थलांतर

हमिंगबर्ड म्हणजेच गुंजन पक्ष्यांसाठी परसात किंवा बाल्कनीत टांगलेले साखरपाण्याचे भांडे म्हणजे हमिंगबर्ड फीडर. हे पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडचे शिंजीरही फुलांतला मधुरस पितात, पण त्यांचे कूळ वेगळे.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात फीडरवर येतो तो बहुतेक वेळा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. नराचा गळा उन्हात माणकासारखा झळाळतो, सावलीत तोच काळा दिसतो. वजन जेमतेम 3 ग्रॅम. हिवाळा मेक्सिको ते पनामा या पट्ट्यात काढून तो वसंतात उत्तरेला परततो. वाटेत यांतले बरेच पक्षी मेक्सिकोचे आखात, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर, कुठेही न टेकता ओलांडतात आणि त्यासाठी निघण्यापूर्वी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात. आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर ते मार्चच्या सुमारास दिसू लागतात, कॅनडाच्या दक्षिण भागात मे उजाडतो. नर आधी येऊन जागा धरतात, माद्या मागाहून येतात.

उत्तरेत तेव्हा फुले तुरळक असतात. सॅपसकर जातीच्या सुतारपक्ष्याने सालीला पाडलेल्या भोकांतून पाझरणारा रस आणि त्याला चिकटलेले किडे यांवर अनेकांचे भागते. फीडरची खरी मदत होते ती याच दिवसांत. म्हणून पहिला पक्षी दिसण्याची वाट न पाहता तो आठवडा-दोन आठवडे आधीच टांगावा.

प्रमाण सोपे आहे: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. मध घालू नये, त्याने बुरशी लवकर धरते. खाण्याचा लाल रंगही नको, भांड्याचा लाल भाग पक्ष्याला पुरतो. कडक उन्हात दर दोन दिवसांनी पाणी बदलून भांडे घासणे जमणार नसेल, तर फीडर न टांगणेच बरे.

पिण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. जीभ टोकाला दुभंगलेली, दोन्ही फाट्यांच्या कडांना बारीक झालर. झालर द्रवात उलगडते, बाहेर येताना मिटते आणि रस आत अडकतो. ही क्रिया सेकंदाला दहा-बारा वेळा होते. पूर्वी हे केशाकर्षणाने, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप चढतो तसे, घडते असे मानत. रिको-गेव्हारा आणि रुबेगा या संशोधकांनी 2011 मध्ये ते खोडून काढले.

साखरेतून फक्त ऊर्जा मिळते. प्रथिने मिळतात ती किडे आणि कोळी यांतून, आणि पिलांची वाढही त्यांवरच होते. त्यामुळे फीडरच्या आसपास कीटकनाशक फवारू नये. फीडर लावून ठेवल्याने पक्षी परतायचे विसरतात, ही भीती मात्र निराधार आहे. दिवस लहान होऊ लागले की भांडे भरलेले असले तरी ते दक्षिणेची वाट धरतात.