पोटावरची उशी

आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा नाशिकला कडाक्याची थंडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खोकला आला आणि तिने तो तोंडावर पदर दाबून गिळला. टाके तुटतील ही धास्ती. शेजारच्या खाटेपाशी असलेल्या सिस्टरनी ते पाहिलं आणि लगेच आल्या.

"काकू, खोकला दाबू नका. कफ साठला तर छातीत इन्फेक्शन होईल. ही उशी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरा. हं, आता खोका."

आई डोळे मिटून खोकली. मग म्हणाली, "अगं बाई, निम्मीच कळ आली की!"

खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि जखमेच्या कडा ताणल्या जातात. बाहेरून उशीचा आधार असला की हा ताण कमी बसतो. दुसरी उशी सिस्टरनी गुडघ्यांखाली सरकवली, त्याने पोटाचे स्नायू सैल पडले.

वेदनाशामक औषध चालू होतंच आणि ते लागतंच. वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला नुसतं 'दीर्घ श्वास घ्या' सांगणं हा अन्याय आहे. पण औषधाच्या जोडीने नर्सच्या हातात जे असतं, त्यालाही शरीरशास्त्राचा पक्का आधार आहे.

पायाचं बोट पलंगाला ठेचकाळलं की आधी चमक निघते, मग क्षणभराने ठणका सुरू होतो. दोन्हींचे निरोप वेगवेगळ्या मज्जातंतूंतून जातात. चमक नेणारे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप पोचवतात. ठणक्याचे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम १-२ मीटर, म्हणजे साधारण आपल्या चालण्याच्या वेगाने. स्पर्शाचे जाड तंतू या दोघांहून चपळ. म्हणून बोट चोळलं की स्पर्शाचे निरोप मज्जारज्जूत शिरतात आणि तिथल्या पेशी वेदनेचा निरोप काही प्रमाणात अडवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली हा 'फाटका'चा सिद्धांत मांडला. पुढे त्याचे बरेच तपशील बदलले, गाभा मात्र टिकला.

या फाटकाला मेंदूकडूनही हुकूम येतात. भीती वाटली की ते जास्त उघडतं, धीर मिळाला किंवा लक्ष दुसरीकडे गेलं की थोडं मिटतं. ड्रेसिंग बदलण्याआधी त्या सिस्टर काय करणार ते सांगायच्या, "आता गार लागेल, मग थोडं ओढल्यासारखं वाटेल," आणि पट्टी काढता काढता विचारायच्या, "काकू, यंदा द्राक्षांचे घड कसे लागलेत? डिपिंग झालं का?" डिपिंग म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणं. निफाडची द्राक्षबागाईतदार बाई या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देईल का? तिचं सांगून होईपर्यंत नवी पट्टी लागलेली असायची.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते विचारणं. किती दुखतंय, ० ते १० मध्ये सांगा, हे तर हवंच. पण कसं दुखतंय? मेलझॅकने १९७५ साली वेदनेचं वर्णन करणाऱ्या ७८ इंग्रजी शब्दांची प्रश्नावली तयार केली. आपल्याकडे कळ, ठणका, सणक, चमक, उसण, आग, मुंग्या हे शब्द आजीच्याही तोंडी आहेत, आणि ते निरनिराळं काही सांगतात. आग आणि मुंग्या म्हणणाऱ्या रुग्णाच्या मज्जातंतूंनाच इजा झालेली असू शकते, आणि अशा वेदनेची औषधं वेगळी असतात. नर्सने रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहून डॉक्टरांना सांगितला, तर उपचाराची दिशा बदलू शकते.

शेकाबद्दल मात्र सावध राहायला हवं. ताज्या मुरगळीवर, सुजेवर बर्फ, तोही कापडात गुंडाळून, १५-२० मिनिटं. आखडलेल्या पाठीला, मानेला गरम शेक. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला गरम पिशवी देऊ नये, चटका कळत नाही आणि फोड येतात. पोट का दुखतंय हे ठरलेलं नसताना शेकत बसू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं.

डिस्चार्जच्या दिवशी गाडीत बसताना आईने आधी उशी मागितली. निफाडपर्यंत प्रत्येक गतिरोधक आला की ती म्हणायची, "थांब रे, धरू दे," आणि उशी पोटाशी आवळायची.