सेकंदाला दहा फोटो, पण किती सेकंद?

१८८२ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठी एक कॅमेरा बनवला. दिसायला थेट बंदूक. चाप ओढला की आतली तबकडी फिरायची आणि तिच्यावर सेकंदाला १२ चित्रं उमटायची. प्रत्येक चित्राला प्रकाश मिळायचा तो जेमतेम १/७२० सेकंद. आज हौशी छायाचित्रकारांसाठी बनणाऱ्या मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्यांचा बर्स्टचा, म्हणजे सलग फोटो काढण्याचा वेगही फार पुढे गेलेला नाही. सेकंदाला ५ ते १२ फ्रेम हा त्यांचा नेहमीचा पल्ला. मारेची खरी अडचण वेगाची नव्हतीच. एक सेकंद संपला, १२ चित्रं झाली, की तबकडी भरली.

डिजिटल कॅमेऱ्यात तबकडी नाही, तरी काही सेकंदांनी नेमकं हेच घडतं. बटण दाबून धरलेलं आहे, खटखटखट चालू आहे, आणि मध्येच ताल मोडतो. खट... खट... मग बराच वेळ काहीच नाही. कॅमेऱ्याच्या खोक्यावर मात्र सेकंदाला १० फ्रेम असं ठळक छापलेलं असतं. ते खोटं नसतं. हा वेग किती सेकंद टिकेल, एवढंच तिथे लिहिलेलं नसतं.

कॅमेरा संथ वाटण्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. काही वेळा कॅमेरा पहिल्या सेकंदापासूनच छापील वेगापेक्षा हळू चालतो. काही वेळा सुरुवात दणक्यात होते आणि तो नंतर दमतो. पहिल्या प्रकारात महागडं कार्ड घेऊन काडीचा उपयोग होत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात फोकसच्या सेटिंगशी कितीही झटापट केली तरी फरक पडत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करावी. पडद्यावर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, फोकसही मॅन्युअल, शटर उघडं राहण्याचा वेळ १/५०० सेकंद आणि फोटो जेपेगमध्ये (दाबून लहान केलेल्या तयार फाइलमध्ये) ठेवून १५ सेकंद बटण दाबून धरा. मग फोटो एकेक करून पाहा. पहिल्या सेकंदात किती फ्रेम आल्या? कोणत्या क्षणापासून दोन फ्रेममधलं अंतर वाढलं? आता हीच चाचणी तुमच्या रोजच्या सेटिंगवर करा. दोन्ही निकालांत जो फरक दिसेल तो तुमच्याच सेटिंगने खाल्लेला वेग आहे, आणि तो फुकटात परत मिळतो.

आधी संथ सुरुवातीकडे पाहू. सेकंदाला १० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १०० मिलिसेकंद. आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये तेवढ्या वेळात आरसा वर जातो, भिंगातलं छिद्र ठरलेल्या मापाला आवळतं, शटर धावतं, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरची माहिती वाचली जाते, आरसा खाली येतो आणि पुढच्या फ्रेमसाठी फोकस पुन्हा तपासला जातो. यात शटरच १/१५ सेकंद उघडं राहिलं तर ६७ मिलिसेकंद तिथेच गेले. उरलेल्या ३३ मध्ये बाकीची कामं बसत नाहीत. संध्याकाळी किंवा घरात ऑटो मोड गुपचूप शटर लांबवतो आणि कॅमेरा आपोआप मंदावतो. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा, प्रकाश पुरत नसेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवा. फोटोत थोडे दाणे येतील, पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा.

वेग खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे फोकस. सलग फोकसच्या मोडमध्ये कॅमेरा प्रत्येक फ्रेमआधी विषय किती लांब आहे ते नव्याने तपासतो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये खोलवर एक पर्याय दडलेला असतो: फोकस जमल्याशिवाय फोटो काढायचाच नाही, की बटण दाबलं आहे तर काढायचाच? पहिला पर्याय निवडलेला असेल आणि भिंग अंधारात चाचपडत असेल, तर वेग निम्म्यावरही येतो. विषय आपल्याकडे धावत येत असेल तर सलग फोकसला इलाज नाही. पण उडी कुठे पडणार, चेंडू कुठे आदळणार हे आधीच माहीत असेल, तर त्या जागेवर फोकस साधून तो कुलूपबंद करून टाकावा. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना याचा सर्वांत मोठा फायदा होतो, कारण त्यांचा फोकस पुढेमागे हेलकावे खात जागेवर येतो आणि बटण दाबणं ते फोटो निघणं यातला बराचसा उशीर तिथेच होतो.

किरकोळ दिसणारी आणखी काही कारणं आहेत. विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा (६० हर्ट्‌झचा वीजपुरवठा असेल तिथे १२० वेळा) कमीजास्त होतात. हा फरक फोटोत दिसू नये म्हणून काही कॅमेरे प्रकाश पूर्ण भरात येईपर्यंत शटर रोखून धरतात. बंद सभागृहात ही सोय चांगली, पण उन्हात ती चालू ठेवण्यात अर्थ नाही. फ्लॅश असेल तर बर्स्ट विसरा. त्याला पुन्हा भारित व्हायला वेळ लागतोच. आणि बॅटरी. उतरलेल्या किंवा गारठलेल्या बॅटरीवर बरेच कॅमेरे स्वतःहून वेग कमी करतात. शटर आणि आरसा हलवणाऱ्या मोटारींना किती जोर लागतो याचा अंदाज निकॉनच्या डी३०० (२००७) वरून येतो: नेहमीच्या बॅटरीवर तो सेकंदाला ६ फ्रेम काढायचा, आणि खाली जोडायच्या ग्रिपमध्ये मोठी बॅटरी घातली की ८.

आता दमणारा कॅमेरा. अडचण बहुतेकांना इथेच येते, आणि इथला हिशोब समजला की निम्मं काम झालं.

सेन्सरने टिपलेली माहिती थेट कार्डावर जात नाही. मध्ये बफर असतो, कॅमेऱ्यातली वेगवान पण छोटी स्मृती. ही टाकी समजा. सेन्सरचा मोठा नळ तिच्यात पाणी ओततो आणि कार्डाच्या छोट्या नळातून ते बाहेर जातं. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलला १४ बिट धरले, तर एक फोटो मुळात ४२ मेगाबाइटचा होतो. काहीही न गमावता दाबून बसवलेली रॉ फाइल (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) २५ मेगाबाइटच्या आसपास येते, उत्तम दर्जाची जेपेग ८ ते १२ च्या. आता एक कल्पित कॅमेरा घ्या: सेकंदाला ८ फ्रेम, बफर ५२० मेगाबाइट, कार्डावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ७० मेगाबाइट. रॉमध्ये सेकंदाला २०० मेगाबाइट आत येतात, ७० बाहेर जातात, १३० साचतात. चार सेकंदांत बफर काठोकाठ, म्हणजे ३२ फोटो. त्यानंतरचा वेग कार्ड ठरवणार: ७० भागिले २५, सेकंदाला तीनही फोटो नाहीत. तोच कॅमेरा ८ मेगाबाइटच्या जेपेगवर ठेवा. आत येतात ६४, बाहेर जाऊ शकतात ७०. बफर कधीच भरत नाही.

म्हणून बर्स्टसाठी जेपेग हा माझा पहिला सल्ला. रॉच्या कट्टर पुरस्कर्त्यांना तो रुचणार नाही. पण रॉमध्ये सावल्या उजळायला मिळतात. हुकलेला क्षण मिळत नाही. रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवण्याचा पर्याय मात्र बर्स्टमध्ये निव्वळ ओझं आहे. रॉ हवीच असेल तर मधले मार्ग आहेत. काही कॅमेऱ्यांत १४ ऐवजी १२ बिटची रॉ निवडता येते. वर उल्लेखलेला डी३०० तर १४ बिटवर सेकंदाला अडीच फ्रेमवर यायचा, कारण सेन्सरची माहिती तितक्या बारकाईने मोजायलाच जास्त वेळ लागायचा. सेन्सरचा मधलाच भाग वापरण्याचाही पर्याय असतो: निकॉन डी७१०० पूर्ण चौकटीत सेकंदाला ६ फ्रेम काढतो, १.३ पटीच्या क्रॉपमध्ये ७. लांबचा पक्षी तसाही चौकटीच्या मध्यावरच असतो.

जेपेगला एक वेगळी मेख आहे. फाइल लहान असली तरी ती तयार करायला कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरला राबावं लागतं. रंग जुळवा, दाणे पुसा, भिंगाने वाकवलेल्या रेषा सरळ करा, सावल्या उजळा, मग दाबून बसवा. हे उरकेपर्यंत मूळ माहिती बफरमध्ये अडून राहते. भिंगाच्या दोषांची दुरुस्ती, आपोआप उजळणाऱ्या सावल्या आणि उच्च आयएसओवर दाणे पुसणारी तीव्र नॉइज रिडक्शन या तिन्ही सोयी बंद केल्या की अनेक कॅमेऱ्यांत बर्स्ट लांबतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आयएसओ वाढलं की फाइल फुगते. दाण्यांना काही क्रम नसतो, आणि ज्यात क्रम नाही ते दाबून लहान करता येत नाही. त्यामुळे अंधारात बफर लवकर भरतो.

राहिलं कार्ड. त्याच्यावरचा सर्वांत मोठा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, आणि तोही ‘इतक्यापर्यंत’ अशा भाषेत. बर्स्टला लिहिण्याचा वेग लागतो, तोही टिकणारा. त्यासाठी व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० या खुणा पाहाव्यात. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. कार्ड आणि कॅमेरा यांच्यातल्या मार्गाचीही कमाल मर्यादा असते. यूएचएस-१ या जुन्या प्रकारच्या मार्गातून सेकंदाला जास्तीत जास्त १०४ मेगाबाइट जाऊ शकतात, यूएचएस-२ मधून ३१२. यूएचएस-२ कार्डाच्या पाठीवर धातूच्या पट्ट्यांची दुसरी रांग असते. कॅमेऱ्याच्या खाचेत तिला जुळणाऱ्या पिना नसतील तर ते कार्ड चालतं, पण जुन्याच वेगाने. कार्ड दुकानात निवडण्याआधी कॅमेऱ्याची पुस्तिका उघडावी, ती याचसाठी.

तेच कार्ड वापरून जुनं झालं की मंदावतं, त्यालाही कारण आहे. फ्लॅश स्मृतीत जुन्या माहितीवर नवी माहिती थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ठोकळा पुसावा लागतो. मधलेच फोटो खोडून रिकाम्या झालेल्या विखुरलेल्या जागा वापरायच्या तर कार्डाला आधी आवराआवर करावी लागते आणि ती नेमकी बर्स्टच्या मध्यात होते. फोटो संगणकावर उतरवून घेतल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, शक्यतो ‘संपूर्ण’ पर्यायाने. आणि फोटो काढताना बटण दाबून बसू नये. तीन-चार फ्रेम, क्षणभर विसावा, पुन्हा तीन-चार. तेवढ्या विसाव्यात बफर रिकामा होत राहतो.

आरसा आणि यांत्रिक शटर यांना पूर्ण फाटा दिला तर? २००८ मध्ये कॅसिओच्या एक्झिलिम ईएक्स-एफ१ या कॅमेऱ्याने सेकंदाला ६० फ्रेमचा वेग गाठला, प्रत्येक फोटो ६ मेगापिक्सेलचा. एकूण फोटो मात्र ६०च. एक सेकंद झाला की मारेची तबकडी पुन्हा भरली! २०११ च्या निकॉन १ मालिकेतले कॅमेरेही फोकस कुलूपबंद ठेवून १० मेगापिक्सेलचे फोटो याच वेगाने काढायचे. हे साधलं इलेक्ट्रॉनिक शटरमुळे, आणि आज बहुतेक मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत तो असतो. त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. साधा सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला १/२० सेकंद लागला, तर तेवढ्या वेळात फिरवलेली काठी पुढे सरकलेली असते आणि फोटोत ती केळ्यासारखी वाकलेली दिसते. शटर १/४००० ठेवलं तरी हे टळत नाही, कारण प्रश्न वाचनाच्या वेगाचा आहे. २०१७ च्या सोनी ए९ ने सेन्सरच्या पाठीमागेच स्मृतीचा थर बसवून हे वाचन बरंच वेगवान केलं, आणि त्याच मालिकेतल्या ए९ III ने सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपून सेकंदाला १२० फ्रेम गाठल्या. हे व्यावसायिकांचे कॅमेरे. हौशी कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर चेहऱ्यावरच्या भावांसाठी, रांगणाऱ्या बाळासाठी वापरावा. पंख, चाकं आणि बॅट यांच्यासाठी यांत्रिकच बरा.

एवढं सगळं जमवूनही एक आकडा नम्र करून सोडतो. सेकंदाला १० फ्रेम, प्रत्येक १/१००० सेकंदाची; म्हणजे त्या सेकंदातले फक्त १० मिलिसेकंद कॅमेऱ्याने पाहिले. एक टक्का. ताशी १४० किलोमीटरने जाणारा चेंडू दोन फ्रेमच्या मध्ये जवळजवळ ४ मीटर पुढे गेलेला असतो. आणि डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो, म्हणजे क्षण दिसल्यावर बटण दाबलं तर पहिल्या दोन फ्रेम आधीच हुकलेल्या. म्हणून हालचाल सुरू होण्याच्या जरा आधी दाबायला शिकणं हे कोणत्याही कार्डापेक्षा जास्त कामाला येतं. काही कॅमेरे इथेही मदत करतात. बटण अर्धं दाबलं की ते स्मृतीत फोटो घेत राहतात आणि जुने टाकून देतात. पूर्ण दाबलं की आधीचे काही फोटोही जपून ठेवतात. ऑलिंपसने या सोयीला प्रो कॅप्चर नाव दिलं, इतरांकडे ती वेगवेगळ्या नावांनी मिळते. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट कॉम्पॅक्टवर सीएचडीके हा हौशी मंडळींनी लिहिलेला प्रोग्रॅम कार्डावरून चालवता येतो. त्यातल्या हालचाल ओळखणाऱ्या स्क्रिप्ट वापरून लोकांनी कडाडणाऱ्या विजांचे फोटो काढले आहेत. बटण दाबायला बोट लागतच नाही.

आणि कॅमेरा अगदीच संथ असेल, पण ४के व्हिडिओ घेत असेल, तर सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमचा बर्स्ट तुमच्याकडे आधीपासूनच आहे. त्यातली प्रत्येक फ्रेम ३८४० बाय २१६० म्हणजे ८.३ मेगापिक्सेलची असते; ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापली तर जवळजवळ १३ इंच रुंद. फक्त शटर १/१००० वर ठेवायचं. व्हिडिओ पाहताना थोडा झटके खात चालल्यासारखा वाटेल, पण नेहमीच्या १/५० वर घेतलेल्या व्हिडिओतली धावणाऱ्या माणसाची फ्रेम थांबवून पाहिली तर हातापायांच्या जागी नुसते फराटे दिसतात.