गरवायला कधी जावं? तिथी, पाणी आणि वारा

अलिबाग, रेवदंडा, मुरूड परिसरात किनाऱ्यावरून आणि खाडीत रॉडने मासे धरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

रॉड-रीळ पसंत पडलं, बिल झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग या शनिवारी मासा लागेल का?" त्यावर आमचा उलटा प्रश्नही ठरलेला: "शनिवारी तिथी कोणती?" पुण्या-मुंबईहून येणारे इथे जरा गोंधळतात. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या घरीही असतं, पण ते संकष्टी आणि दूधवाल्याच्या हिशेबापुरतं. कोळीवाड्यात त्याच कॅलेंडरवरून भरतीची वेळ काढतात.

तिथीची पाऊणपट

तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चार पाऊणे तीन, म्हणून चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि रात्रीही. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या जवळपास भरतं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ मिळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चालायचा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचाच हा सोपा हिशेब आहे.

हा आडाखा मुंबई-अलिबागच्या पट्ट्यातला. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे मालवणला जाणाऱ्यांनी साधारण तासभर आधीची वेळ धरावी.

आता यातून काय निघतं ते पाहा. एका ठिकाणी एका तिथीला भरती जवळजवळ ठरलेल्या वेळीच येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला आपल्याकडे भरती दुपारी बारा आणि रात्री बारा, म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही ओहोटीच्या टोकाला. मासा खायला निघतो तो मुख्यतः उजाडताना आणि मावळताना, आणि नेमकं तेव्हाच खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडलेला. "पौर्णिमेला पहाटेपासून उभा होतो, काहीच नाही" अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेक वेळा चांदण्यात नसतं, या घड्याळात असतं.

उलट एकादशी ते त्रयोदशी भरती सकाळी आठ ते पावणेदहाच्या दरम्यान पुरी होते. म्हणजे उजाडताना पाणी चांगलं अर्ध्यावर आलेलं आणि जोरात चढत असतं. संध्याकाळीही तसंच: दिवे लागणीला पाणी चढतं. आमची पसंती याच तीन-चार दिवसांना. एकादशीला मासे धरायला निघायचं म्हणजे घरातल्या काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडणार, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी द्वादशी गाठावी.

उधाण आणि भांग

तिथी वेळ सांगते तसा जोरही सांगते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ते उधाण. त्याचा खरा जोर एक-दोन दिवसांनी, प्रतिपदा-द्वितीयेला दिसतो. अष्टमीनंतर दशमीपर्यंत भांग, म्हणजे मंद पाणी. आपल्या बाजूला उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दीड मीटर.

भरतीच्या सहा तासांतलं जवळजवळ निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. आधी आणि शेवटी पाणी रेंगाळतं. बोय या माशाचे थवे आणि कोळंबी चढत्या पाण्याबरोबर चिखलावर आणि कांदळवनात शिरतात, त्यांच्या मागे जिताडा आणि तांबोशी हे मोठे मासे. ओहोटी लागली की तीच कोळंबी, तेच बारीक मासे उपनाल्यांतून बाहेर फेकले जातात आणि मोठा मासा नाल्याच्या तोंडाशी वाट पाहत थांबतो. म्हणून ओहोटीचे पहिले दोन तास सोडू नका. बरेच जण पाणी भरलं की डबा उघडतात आणि ते खाऊन होईपर्यंत उत्तम वेळ निघून जाते.

पाणी कधी फिरलं हे घड्याळाशिवायही कळतं. खाडीत नांगरलेल्या होड्यांकडे बघा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, नेहमी प्रवाहाच्या तोंडाला असते. होड्या आडव्यातिडव्या झाल्या, कुणाची नाळ इकडे, कुणाची तिकडे, की पाणी थांबलं. सगळ्यांच्या नाळा पुन्हा एका दिशेला लागल्या की आमिष पाण्यात हवं.

उधाणात वजन बदलावं लागतं. भांगाला ज्या शिशाने गळ तळाला धरून राहतो, तेच शिसं द्वितीयेच्या पाण्यात लोळत खडकात जाऊन अडकतं. दीडपट-दुप्पट वजन सोबत ठेवा. शिवाय उधाणाचं पाणी किनाऱ्यावरचा सगळा केरकचरा उचलतं: कांदळवनाची पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, तुटलेली जाळी. दर फेकीला दोरी साफ करत बसावं लागतं. नवशिक्यांनी पहिली फेक उधाणात करू नये, हे आमचं स्पष्ट मत. त्यात आमची शिशाची विक्री वाढते, पण तुमचा उत्साह संपतो.

मोबाइलवरचे तारे

"आज पाचपैकी चार तारे" असं सांगणारी अॅप बरेच जण दाखवतात. त्यांचा बहुतेकांचा पाया जॉन आल्डेन नाइट या अमेरिकन माणसाने 1926 मध्ये मांडलेली कल्पना आहे: चंद्र डोक्यावर किंवा बरोबर पायाखाली असताना मासा सर्वांत जास्त खातो, उगवता-मावळताना त्याखालोखाल. मुंबई-अलिबागला चंद्र डोक्यावर येतो तेव्हा साधारण भरती पूर्ण होऊन पाणी थांबलेलं असतं. अॅप ज्याला सर्वोत्तम वेळ म्हणतं तेव्हा आपल्या होड्या आडव्या पडलेल्या असतात. अॅपमधलं भरतीचं पान जरूर बघा, ताऱ्यांचं राहू द्या.

हवेच्या दाबाचंही तसंच. थंड देशांत वादळी हवा येता-जाता दाब बराच वरखाली होतो, तिथल्या गळवाल्यांचं त्याकडे लक्ष असतं. आपल्याकडे एरवी दिवसभरात तीन-चार मिलिबारचा फरक, सकाळी दहाला जास्त आणि दुपारी चारला कमी, तोही रोज ठरलेला. एक मीटर पाणी चढलं की तळाच्या माशावरचा दाब सुमारे शंभर मिलिबारने वाढतो. त्यापुढे तीन-चार मिलिबारची काय कथा? मात्र दाब एकदम कोसळू लागला तर त्याचा अर्थ निराळा: सामान आवरा.

चांदणं आणि अंधार

उजेडाचा परिणाम खरा आहे, पण माशामाशांत वेगळा. माकूळ (स्क्विड) दिव्याकडे येतं, आणि जेट्टीवरच्या दिव्याचा प्रभाव अंधाऱ्या पंधरवड्यात जास्त पडतो. चांदण्यात सगळंच पाणी उजळलेलं, मग दिव्यापाशी कोण येणार? थंडीच्या दिवसांत काळोख्या रात्री कधी कधी पाण्यात चमक असते. तेव्हा ब्रेडेड लाइन (विणीची दोरी) ओढताना पाण्यात निळसर रेघ उठते आणि मासा बिचकतो. अशा रात्री ल्युअर (नकली आमिष) बॅगेत ठेवा, जिवंत कोळंबी लावा आणि हात स्थिर ठेवा.

चिंबोरी अमावास्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं बाजारातल्या कोळणी सांगतात. तिथी कोणतीही असो, पोटाकडून अंगठ्याने दाबून बघा. कवच दबलं तर तिने नुकतीच कात टाकली आहे, आत पाणीच निघेल. परत सोडा.

वारा, पाऊस आणि जीव

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो, समुद्र बसलेला असतो आणि फेक लांब जाते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की कातळावर उभं राहण्यात मजा नाही. पाणी किंचित गढूळ असलेलं बरं, जिताड्याला तर मानवतंच. पण मुसळधार पावसानंतर खाडीत लाल गोडं पाणी उतरलं की दोन-तीन दिवस थांबा. पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे अंड्यांवर आलेले असतात. ते धरण्यासाठी आमच्याकडे सामान मागू नका.

1 जून ते 31 जुलै राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात कुणी "बोटीतून नेतो" म्हणालं तर नको म्हणा.

वारा नाही, आभाळ निरभ्र, तरी एप्रिल-मेमध्ये कातळावर अचानक उंच लाट चढते. ती हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या महासागरात उठलेली असते. हैदराबादची इन्कॉइस संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते, तो निघताना बघाच. कातळावर पोचल्यावर आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत राहा. ओली रेघ कुठवर आहे ते पाहून तिच्या बरंच वर उभं राहा. उधाणाला परतीची वाट बुडते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन अडकलेल्यांना विचारा. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा दिसला तर त्या दिवशी गरी नाही.

आमच्याकडचे बहुतेक रॉड कार्बन फायबरचे आहेत आणि कार्बनमधून वीज वाहते. ऑक्टोबरात आणि वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवा आणि त्यापासून दूर, पक्क्या छपराखाली जा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" अॅप आसपास वीज पडत असल्याचं सांगतं. ते मोबाइलवर नसेल तर काउंटरवरच टाकून देऊ. चालू महिन्याच्या भरती-ओहोटीचा छापील कागदही तिथेच ठेवलेला असतो. खरेदी केली नाही तरी घेऊन जा.