घड्याळ बदलून घेण्यापूर्वी : हौशी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, नंदुरबार अशा गावांतून आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांमध्ये अलीकडे एक नवा वर्ग दिसू लागला आहे. हे ग्राहक चालू घड्याळ घेऊन येतात आणि त्याची तबकडी, काटे, काच, बेझल (काचेभोवतीचे कडे) किंवा पट्टा आपल्या आवडीप्रमाणे बदलून मागतात. त्यांतील बरेच जण आपसांत घड्याळांची अदलाबदलही करतात, आठवडाभर एकमेकांचे घड्याळ वापरून पाहतात आणि आवडले तर ठेवून घेतात. ही हौस आम्हाला मनापासून आवडते, कारण तिच्यामुळे लोक घड्याळाच्या आत काय चालते हे पुन्हा समजून घेऊ लागले आहेत. या पत्रकातील आमचे सांगणे मुख्यतः दोन गोष्टींचे आहे : काढलेला मूळ भाग टाकून देऊ नका आणि केलेला बदल लिहून ठेवा.

कोणते घड्याळ बदलावे, कोणते जपावे

बदलासाठी सर्वांत सोयीची ठरतात ती सीकोच्या मशीनवरची घड्याळे. १९९६ मध्ये आलेल्या सीको एसकेएक्स००७ या डायव्हर (पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या) घड्याळाभोवती ही हौस जगभर वाढली. ते मॉडेल आता बनत नाही, तरी त्याच्या मापाच्या केस (मशीन बसते ती बाहेरची पेटी), बेझल आणि काचा सहज मिळतात. त्यातील ७एस२६ या ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) मशीनला हाताने चावी देता येत नाही आणि चावीचे बटण ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही. या दोन्ही सोयी सीकोच्याच एनएच३५ या मशीनमध्ये असल्यामुळे बहुतेक हौशी मंडळी आता तेच बसवून घेतात. हे मशीन २४ ज्युएलचे (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे) असून तासाला २१,६०० ठोके देते आणि पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चालते. त्याची कंपनीने सांगितलेली अचूकता दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे इतकी आहे, म्हणून असे घड्याळ रोज पंधरा सेकंद पुढे जात असेल तर तो दोष समजू नये. मात्र एखादे घड्याळ अचानक काही मिनिटे पुढे पळू लागले, तर ते बहुधा स्पीकर, मोबाइलचे चुंबकी कव्हर किंवा पर्सचे चुंबकी बटण यांच्याजवळ राहून चुंबकित झालेले असते. ते घड्याळ न उघडता काही क्षणांत पूर्ववत करता येते.

एचएमटीच्या घड्याळांबाबत आमची भूमिका वेगळी आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. पुढे जनता, पायलट, सोना ही नावे घराघरांत पोहोचली. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आणि खानदेशातल्या कितीतरी घरांत लग्नात मिळालेले किंवा निवृत्तीच्या वेळी भेट आलेले असे एखादे चावीचे घड्याळ कपाटात सापडते. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाल्यापासून या जुन्या मशीनचे सुटे भाग बहुतांशी शिल्लक साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातून काढूनच मिळतात. म्हणून वडिलांच्या किंवा आजोबांच्या घड्याळाची तबकडी घासून नव्याने रंगवणे, केसच्या कडा पॉलिश करून गोल करणे, लहान केसमधले मशीन मोठ्या केसमध्ये घालणे असे परत न फिरवता येणारे बदल आम्ही सुचवत नाही आणि शक्यतो करतही नाही. साफसफाई, ऑइलिंग, नवी काच आणि नवा पट्टा एवढ्यानेच हे घड्याळ उजळते. तबकडीवर थोडा पिवळेपणा आला असेल तर तो तसाच राहू द्यावा.

तबकडी, काटे आणि पट्टा

तबकडी मागवण्यापूर्वी आमच्याकडे मशीनचा क्रमांक तपासून घ्यावा, कारण दोन तबकड्यांचा व्यास सारखा असला तरी त्यांच्या पाठीमागचे दोन पाय वेगळ्या जागी असू शकतात. एनएच३५ साठी साधारणतः २८.५ मिलिमीटर व्यासाची तबकडी चालते. मात्र चावीचे बटण तीनच्या अंकासमोर आहे की चारच्या जवळ आहे, यावर पायांची जागा बदलते. चुकीची तबकडी आणून तिचे पाय कापून ती डिंकाने चिकटवण्याचा प्रकार आम्ही अनेक घड्याळांत पाहिला आहे. अशी तबकडी उन्हाळ्यात डिंक मऊ झाल्यावर सरकते आणि काट्यांना घासते.

काट्यांच्या बाबतीत भोकाचे माप महत्त्वाचे असते. एनएच मालिकेत तासकाट्याचे भोक १.५०, मिनिटकाट्याचे ०.९० आणि सेकंदकाट्याचे ०.२० मिलिमीटर असते. इतक्या बारीक मापामुळे काटे वारंवार काढघाल केले की भोक सैल होते आणि मग काटा वेळ बरोबर दाखवत नाही. त्यामुळे काट्यांचा रंग आणि आकार आधी नीट ठरवून मगच काम द्यावे. पट्टा मात्र घरी निर्धास्तपणे बदलावा. पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या दोन शिंगांमधील अंतर मोजावे, ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते. पट्ट्याची पिन काढताना शिंगांच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावली तर चरे पडत नाहीत. एक मिलिमीटर जास्त रुंद असलेला पट्टा दाबून बसवू नये.

मुलीचे नाव, देवनागरी अंक किंवा स्वतः काढलेले चित्र असलेली तबकडी आम्ही छापून घेऊ शकतो. एचएमटीनेच देवनागरी अंकांच्या तबकड्या काढल्या होत्या, त्या पाहून ही मागणी अनेकदा येते आणि ती पूर्ण करताना आम्हालाही आनंद होतो. परंतु अशा तबकडीवर आम्ही कोणत्याही कंपनीचे नाव किंवा चिन्ह छापत नाही. दुसऱ्याचे बोधचिन्ह असे वापरणे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा ठरते, आणि पुढे ते घड्याळ ज्याच्या हातात जाईल त्याची फसवणूक होते. याबाबत कृपया आग्रह धरू नये.

एक इशारा गांभीर्याने द्यावासा वाटतो. जुन्या परदेशी घड्याळांच्या काट्यांवर आणि अंकांवर तपकिरी झालेला, आता न चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली म्हणजे किरणोत्सार गेला असे नाही, कारण चमकणारे रसायन काही दशकांत थकते आणि रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचे असते. असे घड्याळ घरी उघडू नये, तो रंग खरवडू नये. आजकाल लावला जाणारा रात्री चमकणारा रंग किरणोत्सारी नसतो, त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

ऊन, धूळ आणि चीक

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत काचेखाली ठेवलेले घड्याळ त्याहून कितीतरी अधिक तापते आणि झाकणाचे रबरी वॉशर लवकर कडक होऊन फाटतात. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी कापसाच्या तंतूंची, तर रावेर आणि यावल भागातील बागायतदारांनी केळीच्या चिकाची विशेष काळजी घ्यावी. चिकाचा डाग कापडी किंवा चामडी पट्ट्यावरून सहसा जात नाही, म्हणून बागेत जाताना रबरी पट्टा लावावा आणि तो त्याच दिवशी धुवावा.

झाकण एकदा उघडले की घड्याळाची पाण्यापासूनची सुरक्षितता नव्याने तपासावी लागते, मग ते मूळचे कितीही मजबूत असो. तबकडीवर किंवा झाकणावर ३० मीटर लिहिलेले असले तरी तो आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा असतो. तेवढ्यावर हात धुणे आणि पावसाचे शिंतोडे निभावतात, परंतु तापीत किंवा विहिरीत पोहण्यासाठी ते घड्याळ नाही. कंपनीची हमी चालू असलेले घड्याळ बाहेर उघडल्यास ती हमी बहुतेक वेळा रद्द होते, याचा विचार करूनच ते आमच्याकडे द्यावे.

अदलाबदल करताना

जळगावच्या सराफाकडे सोने घेताना आपण शुद्धता पावतीवर लिहून घेतो. घड्याळ देता-घेतानाही तशीच सवय लावावी, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. बदल केलेले घड्याळ विकणे यात काहीही गैर नाही, मात्र ते मूळ म्हणून विकणे गैर आहे. बाजारात अशी घड्याळे आहेत की ज्यांत केस एका मॉडेलची, मशीन दुसऱ्याचे आणि तबकडी नव्याने रंगवलेली असते, आणि विकत घेणाऱ्याला ते वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणून आमच्याकडे काम झालेल्या प्रत्येक घड्याळासोबत आम्ही एक नोंदपत्र देतो. त्यात मशीनचा क्रमांक, बदललेले भाग, ऑइलिंगची तारीख आणि पाण्याची चाचणी झाली की नाही हे लिहिलेले असते, तर काढलेले मूळ भाग छोट्या डबीत बंद करून परत दिले जातात. घड्याळ दुसऱ्याला देताना ही डबी आणि नोंदपत्र सोबत द्यावे.

काही दिवसांसाठी घड्याळ वापरायला देत असाल तर दोन सूचना आवर्जून द्याव्यात. तारीख असलेल्या ऑटोमॅटिक घड्याळात रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत तारीख बटणाने पुढे सरकवू नये, कारण त्या वेळी तारखेची दातेरी चक्रे आपसांत गुंतलेली असतात आणि दात तुटू शकतो. चावीच्या घड्याळाला रोज ठरावीक वेळी चावी द्यावी आणि ती अडल्यावर जोर लावू नये.

काम देण्यासाठी येताना घड्याळासोबत मूळ पट्टा, आधी काढलेले भाग, मागवलेला नवा भाग आणि त्याची पावती आणावी. भाग अजून मागवला नसेल तर आधी फक्त घड्याळ घेऊन यावे. झाकण उघडून मशीन पाहून देण्याचे आणि योग्य माप लिहून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.